झिंग्यांच्या बोटीवरची मामी

पहिला झिंगा हाती लागला की मामी त्याच्या लांब मिशा चिमटीत पकडून त्याला डोळ्यांसमोर धरायची आणि विचारायची, "काऊन रे पावण्या, एकटाच आला? बाकीचे कुठी हायेत?" रोज तेच. आणि रोज आम्ही हसायचो.

मूल गावच्या बाजारात निळ्या नांग्यांचे मोठे झिंगे तुम्ही पाहिले असतील. त्यातले पुष्कळ आमच्या धरणातले. मच्छीमार सोसायटीची मोटरबोट मी चालवायचो. मामी आणि तिचा नवरा जाळी ओढायचे. नवरा बोलायला कंजूष. त्याला आम्ही भाऊ म्हणायचो. बोटीवर हुकूम मामीचा. जाळं कुठे टाकायचं, कधी उचलायचं, चहात साखर किती, सगळं तीच ठरवायची. मी माजरीहून, कोळशाच्या मुलखातून आलेला. पहिल्याच दिवशी बोट जोरात वळवली तर म्हणाली, "हळू. पाणी हाये हे, ट्रकचा रस्ता नाई."

धरणात जुनं जंगल बुडालेलं आहे. सागाचे खुंट अजून पाण्याखाली उभे आहेत. दिवाळीनंतरची गोष्ट. टोपल्या भरल्या होत्या आणि शेवटचं जाळं अशाच एका खुंटाला अडकलं. जाळं नवं होतं. मामी काही म्हणायच्या आत भाऊ पाण्यात उतरला आणि ते सोडवायला खाली गेला.

तेवढ्यात वारा उठला. बोट मागे सरकू लागली, जाळ्याचा दोर ताठ झाला. भाऊ वर येईना. बोट सरळ ठेवायला मी मोटरचा जोर वाढवला.

"मोटर बंद!" मामी ओरडली. "पंखा लागन त्याले!"

मोटर बंद होताच लाटांनी बोट आडवी केली. पाणी आत येऊ लागलं. मामीने एकेक टोपली उचलून सकाळची सगळी मेहनत धरणात उलटी केली. मी सुरी काढून दोराला लावली. दोर कापला तर बोट तरी वाचेल, एवढंच मला सुचत होतं. तिने माझं मनगट धरलं.

"कापू नोको. तो जाळ्यातच हाये."

तिचा दुसरा हात दोरावर होता. दोर मधूनच थरथरायचा. वाऱ्याने की भाऊमुळे, मला कळत नव्हतं. तिला तरी कळत होतं की नाही, कोण जाणे. आम्ही दोघांनी पाय रोवून ओढलं. खाली काहीतरी मोडल्याचा हिसका बसला आणि जाळं वर आलं. त्यात गुरफटलेला भाऊ, ओठ काळेनिळे.

मामीने त्याला पालथं घातलं आणि पाठीवर थापा मारू लागली. तो खोकला, ओकला, श्वास घेऊ लागला. तरी ती थांबेना. मारता मारता रडत होती.

"जाळं दुसरं भेटन रे. तू कुठी भेटशीन मले?"

कसेबसे काठाला लागलो. जाळ्यात अडकलेले ओंजळभर झिंगे तेवढे उरले होते. मामीने काटक्या पेटवल्या, मीठ-तिखट चोळून झिंगे निखाऱ्यावर भाजले. भाऊचे हात जाळ्याने कापले होते, म्हणून तीच सोलून त्याच्या तोंडात घालत होती. वरून करपलेले, आत गोड. तशी चव मला पुन्हा मिळाली नाही. चार झिंगे खाल्ल्यावर भाऊ म्हणाला, "तिखट कमी हाये."

मामी त्याच्याकडे बघतच राहिली. मग इतकी हसली, की तिला ठसका लागला.

त्यानंतर भाऊला तिने बोटीवर चढू दिलं नाही. दुसरा गडी आला. ती मात्र येत राहिली, तसेच हुकूम सोडत. पुढचा हंगाम सरताना एकदा उतरल्यावर ती बोटीला हात टेकून उभी राहिली.

"उद्यापासून मी नाई येत. मले भेव वाटते."

"कधीपासून?"

"त्या दिवसापासून. रोज."

भाऊला घेऊन ती मूलला मुलीकडे राहायला गेली. पण वारा सुटला की तिचा फोन यायचा. हालहवाल नाही, काही नाही. "काठावर ये," एवढंच. मी हो म्हणायचो. कधी कधी खोटंच.

मागच्या उन्हाळ्यात ती तापाने गेली. अजूनही वारा उठला की माझा हात खिशातल्या फोनकडे जातो. तो वाजत नाही. मग मी बोट काठाकडे वळवतो.