पिकअपला पॉवर स्टेअरिंग बसवलं तेव्हा

आमच्या आरोग्य मंडळाची माणसं चहाला एकत्र बसली, की कुणीतरी त्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचा विषय काढतंच. एक किस्सा संपेपर्यंत दुसरा तयार! ऐकणारे हसतात. आम्ही त्या गाडीत बसलेलो होतो, म्हणून आम्हाला अजून घाम फुटतो.

*

गाडी विठ्ठलमामा चालवायचे. आडबाजूच्या वस्त्यांवरून अडलेल्या बायका दवाखान्यात पोचवायच्या, हे तिचं काम. एकदा आष्टीजवळ वाळलेल्या चिखलाच्या चाकोरीत पुढचं चाक आदळलं, स्टेअरिंगनं उसळी मारली आणि मामांचा अंगठा काडकन मोडला!

मामा कण्हत म्हणाले, "गाडी न्हाई, रेडा हाय ह्यो! शिंगं धरावीत, पर अंगठा आत घालू न्हाई!"

*

मामांचा हात काही लवकर धड होईना. लायसन होतं आमच्या नर्स सुनंदाताईंकडे. पण त्या अक्षरशः लोंबकळल्या तरी उभ्या गाडीचं स्टेअरिंग हलेना. गाडी कचेरीच्या दारात आणि अडलेली बाई बैलगाडीत! कॉलेजातून नुकताच आलेला मी, मला हे सहन होणं शक्यच नव्हतं. "पॉवर स्टेअरिंग बसवू," मी जाहीर केलं.

अंबडच्या रऊफभाई मिस्त्रींनी भंगारातल्या दुसऱ्या गाडीचं स्टेअरिंग शोधून आणलं. मी रोज त्यांच्या डोक्यावर उभा. "रऊफभाई, जल्दी करा! तिकडं बाया मरून राह्यल्यात!"

गाडीखालून आवाज आला, "जल्दीत बसवलं तर आपण त्यांच्या आधी पोचू, साहब!"

*

ट्रायलला सुनंदाताई बसल्या. रऊफभाई समोर उभे राहून ओरडले, "डावीकडं घ्या!" ताईंनी डावीकडं फिरवलं, गाडी उजवीकडं वळली! आणखी डावीकडं फिरवलं, तर गाडी थेट रऊफभाईंवरच! रऊफभाईंनी ट्यूब तपासायच्या हौदात उडी टाकली, म्हणून वाचले.

त्या दुसऱ्या गाडीतली जोडणी वेगळी होती. आमच्या गाडीत ती बसवल्यावर सगळंच उलटं झालं होतं. हौदातून मान वर काढून रऊफभाई म्हणाले, "फिटिंग बराबर हाय! फक्त चालवणाऱ्यानं उलटं चालवायचं!"

*

दुसऱ्यांदा काम बिनचूक झालं. स्टेअरिंग एका बोटानं फिरू लागलं. मामांनी सवयीनं दोन्ही हातांनी हिसका दिला आणि गाडी रस्ता सोडून तुरीत शिरली. मामा घाबरून खाली उतरले. "हाताला काही लागूनच न्हाई राह्यलं! आता चालवतंय कोण?"

*

धावड्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरून आम्ही अडलेल्या बाईला घेऊन निघालो. ती मागे माझ्याजवळ, तिची सासू पुढे ताईंशेजारी. ऐन उतारावर पॉवर स्टेअरिंगचा पाइप फुटला, गरम तेलाचा धूर उडाला आणि स्टेअरिंग दगडासारखं जड झालं.

"थांबवा!" मी ओरडलो.

"थांबून काय करू? तिचं रक्त थांबलंय का?" ताई म्हणाल्या.

सासूबाईंनी पदर खोचला. "जात्यावर दोघी बसतात, तसं वढू!" दोघी मिळून उजवीकडचं वळण काढू लागल्या, आणि खरंच गाडी वळली!

पुढचं वळण डावीकडचं. खाली दरी. ताई ओढताहेत आणि सासूबाईंनी हात काढून घेतला!

"आजी, वढा!"

"न्हाई! घरात बाळंतपण असताना जातं उलटं फिरवू न्हाई! लेकरू उलटं, पायाकडनं येतंय!"

"आजी, हे जातं नाही!" मी किंचाळलो. म्हातारी हात मांडीखाली घेऊन बसली. कडा जवळ येत होता.

तेवढ्यात मागून सून ओरडली, "आत्याबाई, वढा! पाप मला लागू द्या!"

म्हातारीनं डोळे गच्च मिटले आणि हात घातला. मागचं चाक कड्यावरची खडी खाली ढकलत वळलं.

दोघींनी असंच ओढत गाडी भोकरदनला आणली, ताई सुनेला दवाखान्यात आत घेऊन गेल्या. आतून लेकराचं रडणं ऐकू आलं. सुनंदाताई हसत बाहेर आल्या. मी उठून उभा राहिलो. म्हातारी मात्र बसूनच होती.

तिनं हळूच विचारलं, "डोक्यानं आलं, का पायानं?"