आमच्या घरातलं स्टेशन

"व्हय, तुमचं बरोबर हाय," असं म्हणत त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, की समजावं, रूळ पुन्हा उखडणार.

आमचे हे शेजारी साताऱ्यात विहिरीवरच्या मोटारींचं वायंडिंग करायचे. मूळचे कवठे महांकाळकडचे, एकटा जीव. पुणे-मिरज मार्गावर रुंद रूळ पडले त्या सुमारास त्यांनी पत्र्याची आगगाडी केली आणि गणपतीपुढे टेबलावर किल्ल्यासकट अख्खा सातारा मांडला. बघायला पेठ लोटली. जो तो जाताना म्हणे, "झकास हाय, पर..." तुम्ही असता तर तुम्हीही काहीतरी काढलंच असतं. एकदा तरी कुणीतरी 'पर' न म्हणता जावं, एवढ्यासाठी हा माणूस वर्षभर खपायचा.

कुणी म्हणालं, शिट्टी नाही. शिट्टी आली. कुणी म्हणालं, म्हशी रुळाला फार खेटून चरतात. म्हशी हलल्या.

मग रजेवरचा एक जवान आला. "लय भारी. पर स्टेशन गावाला चिकटून कसं? आमचं तर टांग्यात निम्मं आयुष्य जातंय."

"व्हय, तुमचं बरोबर हाय."

पुढच्या वर्षी स्टेशन लांब न्यायला गेले, तर टेबलच संपलं. आमच्या दोन घरांत फळ्यांची भिंत. "वैनी, तुमच्या मांडणीवर स्टेशन ठिवलं तर चालंल?" त्यांनी अदबीनं विचारलं. भिंतीला भोक पडलं. गाडी त्यांच्याकडून सुटायची आणि आमच्या डाळीच्या डब्यांमागून वळसा घालून परत जायची. लोक स्टेशन बघायला आमच्या स्वयंपाकघरात येत आणि स्टेशन म्हटल्यावर चहाही मागत.

त्याच गणपतीत जवान पुन्हा आला. बराच वेळ बघत राहिला आणि काही न बोलता निघाला. शेजारी कासावीस होऊन त्याच्या मागं रस्त्यापर्यंत गेले, मीही गेलो.

"काय रं गड्या, काय ऱ्हायलं का?"

"न्हाई, समदं बरोबर हाय. पर... घ्यायला कुनी आल्यालं न्हाई."

यावेळी त्यांनी पेन्सिल काढली नाही. दुसऱ्या दिवशी फलाटावर मेणाची एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, तोंड भोकाकडं.

पुढचा गणपती त्यांना दिसला नाही. भाचा आला, गाडी, किल्ला, म्हशी पोत्यात भरून घेऊन गेला. स्टेशन नेलं नाही. त्याला ते आमचंच वाटलं.

शेजारी आता नवं बिऱ्हाड आहे. त्यांचा रेडिओ भोकातून ऐकू येतो.

"बुजवा की ते भोक," बायको म्हणते.

"व्हय, तुमचं बरोबर हाय," मी म्हणतो.

मांडणी पुसताना बाईचं तोंड चुकून फिरलं, तर तीच ते पुन्हा भोकाकडं करून ठेवते.