गळका नळ

माझी आत्या शाळेत गणित शिकवायची, पण तिचा जीव सगळा रिळाच्या कॅमेऱ्यात. न्हाणीघरात लाल दिवा लावून ती फोटो धुवायची. तोवर घरात कुणी आंघोळीचं नाव काढायची सोय नव्हती.

एकदा तिथला नळ गळतो म्हणून आजोबांनी प्लंबरला बोलावलं. त्याने दार ठोठावलं, तशी आत्या आतून कडाडली, "उघडाल तर याद राखा! उजेड शिरला की फोटो काळे!" कागद झाकून मग तिनेच त्याला आत ओढलं आणि कडी लावली.

ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर हळूहळू आजोबांचं टक्कल उमटलं. प्लंबरच्या हातातला पानाच गळून पडला. "आईशप्पथ! अजून एक करा ना!"

नळ राहिला बाजूला. महिनाभर तो रोज 'नळ बघायला' येत राहिला आणि आजोबा बिचारे नळाच्याच काळजीत. शेवटी दोघांचं लग्नच लावून द्यावं लागलं.

आता दोघंही सत्तरीत आहेत, आणि त्यांच्या घरचा नळ धो धो गळतो. प्लंबरचं घर हे! मी फारच चिडले की आत्या आणि आतोबा पाना घेऊन तरातरा आत शिरतात, कडी लावतात, आणि तासाभराने ओला फोटो नाचवत बाहेर येतात. गळत्या नळाचा!