डाव्या बाजूची सीट

मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी म्हणेल, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. परिणाम झाला होता, पण तो गाडी घेतानाच. पन्नाशी उलटलेल्या बाईने चौदा वर्षं जुनी, दोन दरवाजांची, लालभडक स्पोर्ट्स कार घ्यावी, याला दुसरं काय म्हणायचं? नवऱ्याने एकदाच सांगितलं, की एवढ्या जुन्या गाडीला माणसापेक्षा जास्त दुखणी असतात. पण मला ती हौस विशीपासून होती. मी ऐकलं नाही.

गाडी कळंबोलीच्या एका गृहस्थांकडून घेतली. एकटेच राहणारे, खालच्या आवाजात बोलणारे. ड्रायव्हरच्या सीटचं चामडं फाटून आतला स्पंज दिसत होता. डावीकडची सीट मात्र कोरी करकरीत. एक सुरकुती नाही, एक डाग नाही. मी तिच्यावर हात फिरवला आणि खूश झाले. एवढ्या वर्षांत तिथे कोणीच कसं बसलं नाही, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. वर्गात पोरांना 'निरीक्षण करा, निरीक्षण करा' म्हणून ओरडणारी मी!

पहिले दोन महिने गाडी गुणाने वागली. मग विचुंब्याच्या आमच्या सोसायटीत, भर दुपारी, कडक उन्हात वायपर आपोआप फिरायला लागले. एकदा मी बाहेर उभी असताना दारांची लॉकं खटाखट पडली, किल्ली माझ्या हातात. वॉचमनने तर तिच्याजवळ खुर्ची टाकणं सोडलं. सगळ्यात वाईट ती घंटी. डावीकडे माणूस बसला आणि पट्टा लावला नाही, की गाडी टिंग टिंग करते. आमची गाडी रिकाम्या सीटसाठी टिंग टिंग करायला लागली. मी एकटी कॉलेजला निघालेली, शेजारी पर्ससुद्धा नाही, आणि गाडी सांगतेय की बाई, तुमच्या शेजारी जे बसलंय त्याला पट्टा लावा. विश्वास नसला तरी मानेवर काटा यायचा तो यायचाच. मी डावीकडे बघणं टाळायला लागले.

माझ्या सासूबाई उरणकडच्या. तरुणपणी मिठागरात राबलेल्या, त्यामुळे बाई कशाला घाबरत नाही. त्यांना मी आई म्हणते. घंटीचं सांगितलं, तर त्यांनी दार उघडलं, रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खटकन लावून टाकला. घंटी थांबली.

"बसलंय कोनतरी. बसूं दे," म्हणाल्या आणि घरात गेल्या.

पुढच्या मंगळवारी त्यांनी गाडीवरून नारळ ओवाळला आणि एकवीरा आईची छोटी पितळी मूर्ती डॅशबोर्डवर डावीकडे चिकटवली. आमच्याकडे प्रत्येक गाडीत देव असतोच, मी काही बोलले नाही. मूर्तीच्या पायाखाली प्लास्टिकमध्ये 'एअरबॅग' अशी इंग्रजी अक्षरं उठलेली होती, ती अर्धी झाकली गेली. आईंच्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन द्यावं लागतं. त्यासाठी मीच त्यांना हॉस्पिटलात न्यायची. सीट फार खाली आहे म्हणून कुरकुरत त्या बसायच्या, आणि बसल्या की दोन्ही हात मूर्तीवर ठेवायच्या. असे पाच महिने गेले.

शेवटी एका सोमवारी गाडी मेकॅनिक चाचांकडे नेली. चाचा वयस्कर आहेत, फार बोलत नाहीत. त्यांनी कार्पेट उचललं, तर खाली पाणी साचलेलं आणि वायरींचे जोड हिरवे पडलेले. वायपर, लॉक, घंटी, सगळं त्या ओलीचं काम. मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्याने हसले. मग चाचांनी सहज म्हणून गाडीचा चॅसी नंबर मोबाइलवर कंपनीच्या साइटवर टाकून बघितला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

त्या मॉडेलच्या गाड्या कंपनीने काही वर्षांपूर्वीच दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. कारण डाव्या बाजूची एअरबॅग. ती फुगवायला आत धातूचा एक डबा असतो, त्यात अमोनियम नायट्रेटच्या दारूची वडी. उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहिली की ती दारू बिघडते. मग टक्कर झाली की डबा नुसता पेटत नाही, फुटतो, आणि त्याचे तुकडे समोरच्या माणसाच्या तोंडावर, गळ्यावर येतात. पुढचं मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या खाडीकाठच्या हवेत चौदा पावसाळे. त्या डब्याला ना घंटी, ना दिवा, ना आवाज. ज्या गोष्टी ओरडत होत्या त्या सगळ्या निरुपद्रवी होत्या.

तिथूनच मी त्या गृहस्थांना फोन लावला. त्यांना पत्रं आली होती का? आली होती, तीन-चार. मग दुरुस्ती का नाही केली? राहून गेलं, म्हणाले. तसंही मी तिथे कधी कोणाला बसवलंच नाही. मग मला का नाही सांगितलंत? त्यावर ते त्याच खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत."

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

सर्व्हिस सेंटरने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. पार्ट यायचा होता. तोपर्यंत डावीकडे कोणालाही बसवू नका, असं दोनदा बजावलं. मी घरी आले आणि गप्प बसले. का, तर आईंना सांगितलं असतं की नवऱ्याला कळलं असतं, आणि त्याचं ते 'मी म्हटलं होतं' मला ऐकायचं नव्हतं. एवढंच कारण. दुसरं शोधून सापडत नाही.

बुधवारी इंजेक्शन होतं. नवरा आमची दुसरी गाडी घेऊन बंदरावर ड्यूटीला गेलेला. मी मोबाइलवर टॅक्सी मागवली होती, ती आयत्या वेळी रद्द झाली. रिक्षा स्टँड पाच मिनिटांवर होता. पण आई पातळ नेसून, पिशवी घेऊन गाडीपाशी जाऊन उभ्याच होत्या. रिक्षा कशाला, म्हणाल्या. मी दार उघडलं. हळू चालवीन, म्हटलं मनाशी. टक्कर झाली तरच फुटणार ना.

गाडी त्या दिवशी इतकी शहाण्यासारखी वागली, की त्याचीच मला धास्ती वाटली. वायपर गप्प, घंटी गप्प. मी तीसच्या वर नेली नाही. कळंबोलीत मागचे ट्रक हॉर्न मारमारून पुढे जात होते. आई दोन्ही हात मूर्तीवर ठेवून काहीतरी पुटपुटत होत्या, आणि मला दिसत होतं ते त्यांच्या हातांच्या मागचं. तिथल्या काळोखातला तो डबा आणि त्यातली ती मऊ पडलेली वडी. आईंच्या हनुवटीपासून दोन हातांवर.

लोखंडाच्या बाजारापाशी पुढचा ट्रक एकाएकी थांबला. त्याच्या मागून सळया बाहेर आलेल्या, टोकाला लाल फडकं बांधलेलं. मी ब्रेकवर उभीच राहिले. ते फडकं आमच्या बॉनेटवर येऊन टेकलं आणि हललं. बस, तेवढंच. काही झालं नाही.

मी गाडी कडेला घेतली. आणि मग सगळं भडाभडा बोलून टाकलं. उघड्या मिठाला पाणी सुटतं तसं त्या दारूचं झालंय, म्हटलं. मूर्ती कशावर बसलीय ते सांगितलं. मग मला रागच आला, त्या माणसाचा. म्हटलं, बघा आई, कसली माणसं असतात. त्याला सगळं माहीत होतं. स्वतः तिथे कधी कोणाला बसवलं नाही, आणि मला मात्र खुशाल विकली.

आईंनी मूर्तीवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"तुला कवा समजलं?"

"सोमवारी."

त्यांनी पट्टा सोडला. दार उघडलं, एक हात छताला धरून, गुडघे सांभाळत उतरायला लागल्या. मी हात द्यायला वाकले, तो त्यांनी घेतला नाही. उतरून उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि आत वाकून बघितलं. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"त्यानं कोनाला बसवलं नाय गो," म्हणाल्या. "तू मला बसवलंस."

आणि रिक्षाला हात केला.

पार्ट आला, तासाभरात बदलून मिळाला, फुकट. मूर्ती आता घरच्या देव्हाऱ्यात आहे. नवऱ्याला आईंनी एक अक्षर सांगितलं नाही, शेवटी मीच सांगितलं. महिन्याभराने त्या पुन्हा गाडीत बसायला लागल्या. रुसवा नाही, टोमणा नाही. फक्त दार उघडलं की आत पाय टाकण्याआधी थांबतात, माझ्या तोंडाकडे बघतात आणि विचारतात, काय सांगायचं राह्यलं नाय ना? मी नाही म्हणते. तरी त्या थोडा वेळ तशाच बघत राहतात, आणि मग बसतात.