मागं इंजिन, पुढं ऋतुजा

आमच्या वर्कशॉपमध्ये लोखंडाच्या चुऱ्याएवढेच किस्से साचतात. झाडून काढावेत म्हटलं की नवे पडतात. मी, इम्रान आणि ऋतुजा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही एका स्पर्धेसाठी छोटी स्पोर्ट्स कार बनवत होतो. इंजिन मागच्या चाकांच्याही मागं. आमच्या एचओडी सरांना ते मुळातच पटलं नव्हतं. "माझ्यासमोर एकदा जरी गर्रकन फिरली, तर स्पर्धा विसरा," असं त्यांनी बजावलं होतं.

*

कुठल्या चाकावर किती वजन पडतंय ते बघायला चार वजनकाटे हवे होते. कॉलेजकडं मागत बसलो असतो तर डिग्री आधी मिळाली असती. जाधववाडीतल्या ओळखीच्या आडतीवर गाडीच नेली. आडतवाले काका आकडे बघून म्हणाले, "सगळा माल मागंच भरला व्हय? पुढं कोण बसणार?"

"मी," ऋतुजा म्हणाली.

काकांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "लई फरक नाय पडायचा, पोरी."

*

वाळूजला एका बंद कारखान्याच्या आवारात पहिली ट्रायल. इम्रान वळणात जोरात शिरला, घाबरला आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. पाय काढला की वजन पुढं झुकतं, मागची चाकं हलकी होऊन पकड सोडतात आणि इंजिनाचं जड शेपूट बाहेर फेकलं जातं. पुस्तकात आम्ही तिघांनीही वाचलं होतं. गाडी फिरली आणि आमच्याकडं तोंड करून थांबली.

"काय झालं रे?"

"कुछ नै, तुम लोगां दिखते नै थे. पलट के देखा."

*

हे कानावर गेल्यावर सर म्हणाले, "गाडीच्या नाकात वाळूची पोती टाका, विषय संपला."

"सर, ग्रॅम-ग्रॅम करून वजन उतरवलंय. आता वाळू भरायची?" मी म्हणालो.

"मग इंजिन पुढं घ्या."

वाद घातला असता तर सबमिशन अडकलं असतं. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी तेवढी नाकाकडं सरकवली. गाडी सुधारली, पण स्वभाव तोच. वळणात पाय उचलायचा नाही.

*

स्पर्धेत गाडी ऋतुजाच चालवणार होती, म्हणून तिनं ती सवय अंगात मुरवून घेतली. दचकलं की उजवा पाय दाबायचा. एकदा कॅन्टीनमध्ये कुणाच्या तरी हातून स्टीलची थाळी पडली. टेबलाखाली तिच्या सँडलखाली माझा पाय होता.

"सॉरी," ती म्हणाली. "पण जमतंय ना?"

*

मग सरांसमोरची ट्रायल. शेवटच्या वळणात ऋतुजा फारच वेगात शिरली. शेपूट बाहेर निसटायला लागलं. सर कडेला धावले. "पाय काढ! अगं, पाय काढ!"

इम्राननं डोळे मिटले. इंजिनाचा आवाज जराही खाली आला नाही. गाडी तिरकी झाली, थरथरली आणि सरळ होऊन निघून गेली.

ऋतुजानं गाडी थांबवून हेल्मेट काढलं. सर तावातावानं तिच्याजवळ गेले. "मी ओरडत होतो ते ऐकू आलं नाही तुला?"

"आलं, सर. गाडी सांभाळण्यापेक्षा तुमचं न ऐकणंच अवघड गेलं."

सरांनी वाकून मागचा टायर हातानं चाचपला. मग इम्रानला म्हणाले, "स्पर्धेला गाडी न्यायला टेम्पो कोण सांगतंय?"