कोळशाची पन्नास पानं

कोळशाला मारामारी फार आवडायची. करायला नव्हे, बघायला. आमच्या शिवाजी पेठेत फुटबॉलचा सामना हरलो तरी डोकी फुटतात आणि जिंकलो तरी फुटतात, त्यामुळे त्याची चंगळ होती. दगड उडायला लागले की शहाणी माणसं शटर ओढून आत जायची आणि हा पठ्ठ्या समोरच्या कट्ट्यावर मांडी घालून वहीत भराभरा रेघा ओढत बसायचा. एकदा दोघं एकमेकांची गचांडी धरून गटारात लोळत होते. मी ओरडलो, "अरे मर्दा, सोडव की त्यास्नी!" तर म्हणतो, "थांब रं जरा, खालच्याचा डावा पाय ऱ्हायलाय."

तो कलाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होता. हात, नाक, शर्टाचा खिसा, सगळं कायम काळं, म्हणून कोळसा. मी त्याचा बालवाडीपासूनचा दोस्त, बारावी नापास, गॅरेजवाला. त्यानं जुन्या बाजारातून डॉक्टरकीच्या पोरांचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं, माणसाची कातडी सोलून आतले स्नायू दाखवणारं. ते तो चहाच्या गाड्यावर मोठ्यानं वाचायचा. ऐकणाऱ्याला चहा जायचा नाही. मी पाना आवळत असलो की माझा दंड चाचपून म्हणायचा, "ताकद दंडात नसती, लका. कमरेतनं वर चढती. पुस्तकात लिवलंय, पण मला कागदावर अजून जमंना."

उन्हाळ्याचा बेत त्यानं कपाटाच्या दारावर चिकटवला होता. सकाळी तालमीत जाऊन पैलवान काढायचे, दुपारी वाचायचं, संध्याकाळी मैदानावर खेळाडू. आठवड्यातून एकदा नृसिंहवाडीला जाऊन नावाडी. मेअखेर पन्नास पानं भरायची, सगळी हलत्या माणसांची, आणि ती घेऊन बडोद्याच्या मोठ्या कलाशाळेत मुलाखतीला जायचं. "तिथं घेतलं तर घेतलं," तो म्हणायचा, "न्हायतर जल्मभर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची पोस्टरं करीत मरायचं." मला त्याचा अभिमान होता. त्याला कधी बोलून दाखवला नाही, पण होता.

त्या अभिमानानंच घात केला. पलीकडच्या पेठेशी सामना होता. शेवटच्या पाच मिनिटांत त्यांच्या नऊ नंबरनं गोल घातला आणि आम्ही हरलो. पोरं नुसती धुमसत होती. कोळसा वही माझ्याकडे देऊन पाणी प्यायला गेला. वातावरण जरा निवळावं म्हणून मी म्हणालो, "हे बघा, आपल्या गड्यानं काय काढलंय!" आणि वही उघडली. पहिल्याच पानावर नऊ नंबर. उलटलं, तर पुन्हा नऊ नंबर. उडी मारताना, वळताना, हात पसरून पळताना. अकरा पानं तोच! आमच्या संघातलं एक पोर नव्हतं त्यात.

कुणीतरी माझ्याकडे बघून म्हणालं, "तुझा दोस्त न्हवं ह्यो?" तेवढ्यात कोळसा तोंड पुसत आला. "अरं, त्यो पळतो चांगला, म्हणून काढला…" एवढंच बोलला. पहिला ठोसा माझा. दुसऱ्या कुणावर ढकललं असतं तरी खपलं असतं, पण खोटं कशाला बोलू? सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी भ्यालो होतो. भ्यालेला माणूस फार जोरात मारतो. मग बाकीचे तुटून पडले. लाथा, कमरेचे पट्टे, विटेचा तुकडा. मार खाणारा माणूस आधी तोंड झाकतो. यानं दोन्ही हात काखेत घट्ट दाबले आणि तोंड उघडं टाकलं. वहीच्या चिंध्या करून त्यांनी गटारात फेकल्या.

त्याचा जबडा तारेनं बांधला. डाव्या डोळ्याची नजर गेली ती गेलीच. पोलिसांना त्यानं एकाचंही नाव सांगितलं नाही. मेअखेर जवळ येत होती आणि हातात एक पान नव्हतं. मला राहवेना, मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं दार उघडलं.

"तू हुतास न्हवं तिथं?"

"व्हय, काकू."

ती बाजूला झाली.

कोळसा खाटेवर नवी वही घेऊन बसला होता. मी पाया पडायला वाकलो, तर दातांतल्या दातांत म्हणाला, "सरळ हो. त्या दिवशी तुझा ठोसा कमरेतनं आला. तसाच उभा ऱ्हा."

मी मूठ उगारून उभा राहिलो. त्याच्या त्या सुजलेल्या, टाके घातलेल्या तोंडासमोर! रोज दोन तास, बारा दिवस. एका डोळ्यानं अंतर कळत नव्हतं म्हणून तो मध्येच उठून माझी मूठ बोटांनी मोजायचा. खांदा भरून यायचा, डोळे वाहायचे, पुसायला हात हलवला की "हलू नगं". एकदा मी म्हणालो, "चुकलं रे माझं." तर म्हणाला, "तोंड हलतंय." पन्नास पानं भरली. पन्नासही मीच, मारताना.

शेवटचं पान संपलं तेव्हा त्यानं वही मिटली आणि म्हणाला, "झालं. घे खाली हात."

बडोद्याला त्याला घेतलं. मला ते चहाच्या गाड्यावर कळलं, आठवड्यानं, दुसऱ्याच कुणाकडून. तोवर तो गेलासुद्धा होता. आनंदानं त्याला फोन लावावासा वाटला, नंबरही काढला. पण म्हणू काय, आणि कोणत्या तोंडानं?