दिमोतिकातला मानलेला भाऊ

लेओन्तिओस कुंभार वाईट माणूस नव्हता, फक्त बढाईखोर होता. त्या साली आपल्या ख्रिस्ती बादशहाचा मुलगा आणि तुर्की सुलतानाचा मुलगा, दोघेही आपापल्या बापांवर उलटले आणि एकमेकांना भाऊ म्हणवत आमच्या दिमोतिका गावाच्या तटाआड येऊन बसले. राजपुत्रांनी नाती जोडली, मग गावालाही तीच हौस. लेओन्तिओसने तुर्की राजपुत्राची खोगिरं शिवणाऱ्या दुर्मुशला भाऊ केलं. चर्चच्या पायरीवर दोघांच्या कमरेभोवती एकच पट्टा बांधला, दोघांनी भाकर-मीठ खाल्लं.

पाद्रीबाबा कुरकुरले, "पायरीवरच उरका रे! तुर्काला घेऊन आत येऊ नका."

"आजपासून तुझी आई ती माझी आई," लेओन्तिओस चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला.

मग सुलतानाचा वेढा पडला. चामडं उकडून खायची पाळी आली तेव्हा गावानेच वेस उघडली. दुर्मुश लेओन्तिओसच्या थंड भट्टीत लपला. सुलतानाचे शिपाई बंडखोरांची माणसं हुडकत अंगणात शिरले.

"आत काय आहे रे?"

"मडकी आहेत, मालक."

त्यांनी दुर्मुशला पाय धरून बाहेर ओढलं. काजळीने तो काळाठिक्कर झाला होता.

"हा तुझा कोण?"

दारात बायको उभी होती. लेओन्तिओसने तिच्याकडे पाहिलं. "कोणी नाही. मी याला कधी पाहिलंही नाही."

दुर्मुशने त्याच्याकडे एकदा पाहिलं. "खरं सांगतोय तो," तो शिपायांना म्हणाला. "मीच चोरासारखा शिरलो. त्याला कशाला मारता?"

दुर्मुशला इतरांबरोबर बांधून नदीवर नेलं आणि बुडवलं. लेओन्तिओस वाचला.

तीनच वर्षांत थोरामोठ्यांचं सगळं गोड झालं. आपला तोच राजपुत्र सुलतानाच्याच फौजेच्या जोरावर बापाच्या गादीवर बसला. त्यांचं काय जातं! मेले ते खोगीर शिवणारे. लेओन्तिओसला मात्र स्वतःची लाज वाटे, अशी की जेवताना बायकोकडेही बघवत नसे. चर्चची ती पायरी टाळून तो मागच्या दाराने आत जाई.

त्या शरदात एक म्हातारी तुर्कीण दारात आली. हातात वाळक्या अंजिरांची माळ होती.

"लेओन्तिओस तूच ना? दुर्मुशने निरोप धाडला होता, इथे भाऊ मिळालाय म्हणून. त्याला लपवलंस म्हणे. भरल्या गावात एका तुझीच छाती झाली, बाळा."

तिने त्याचे दोन्ही डोळे चुंबले. खरं सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण म्हातारीच आधी बोलली.

"शेवटी माझं लेकरू एकटं तर नव्हतं ना? तू होतास ना जवळ?"

"होतो, आई," लेओन्तिओस म्हणाला. "अगदी जवळ होतो."

म्हातारीने समाधानाने सुस्कारा सोडला आणि अंजिरांची माळ त्याच्या हातात दिली.